फिशटेल पामच्या शेंड्यातून पोय (फुलोरा) आली आणि नवी सुई (न उघडलेलं कोवळं पान) थांबली. खोड कापू का?

नमस्कार मंडळी,

अंगणात फिशटेल पामचं बेट आहे, सात खोडांचं. कुंडीतलं रोप जमिनीत लावलं त्याला आता बारा वर्षं झाली. सगळ्यात जुनं खोड गच्चीच्याही वर गेलंय. त्याची नवी सुई बघितल्याशिवाय माझी सकाळ सुरू होत नाही. सुईवर तपकिरी लव असते, बोट फिरवलं की भुकटीसारखी हाताला लागते. मग हळूहळू एकेक पानोळं सुटं होतं. कडा कुरतडल्यासारख्या, थेट माशाची शेपटी.

गेल्या वर्षभरात या खोडाला एकही नवं पान आलेलं नाही. शेवटची दोन-तीन पानं आलीच मुळी लहान. नंतर अगदी शेंड्याजवळून पोय फुटली. लांब लोंबणाऱ्या सरी, त्यांवर जांभळट कळ्या, दिवसभर मधमाश्या. खाली फुलांचा सडा पडायचा, तेव्हा वाटलं सगळं गळून गेलं. पण सरींवर बारीक हिरवे मणी उरले होते, ते आता लाल व्हायला लागलेत. दरम्यान त्याखालच्या पेरातून दुसरी पोय आली, तिच्याखाली तिसरी डोकावतेय. जुन्या झावळ्या पिवळ्या पडताहेत.

एका जाणकारांचं मत पडलं की बोरॉन कमी पडल्यामुळे शेंडा अडलाय. मला ते पटत नाही, कारण त्याच मातीतल्या बाकीच्या सहा खोडांची पानं छान उघडताहेत. हे खोड मरतंय का? बाकीच्यांना धोका आहे का? आणि फळांतून रोपं करता येतील का?

प्रतिसाद १

ताई, तुमचा अंदाज बरोबर आहे. बोरॉन कमी पडलं की नवं पान येतं, पण चुरगळलेलं, टोकाला आकडी पडलेलं, नाहीतर अर्धवट चिकटलेलं. तुमच्याकडे पान येणंच संपलंय. या पामचं प्रत्येक खोड आयुष्यात एकदाच फुलोऱ्यावर येतं. सुरुवात शेंड्यापासून, मग पोया एकेक पेर खाली उतरत जातात. सगळ्यात खालच्या पोयीची फळं पिकली की ते खोड वाळतं. हे सगळं व्हायला काही वर्षं लागतात, त्यामुळे घाई नको. बोरॉन मात्र अजिबात घालू नका. ते जास्त झालं तर मुळांना विषच, आणि मुळं सगळ्या बेटाची आहेत.

बेटाला धोका नाही, बुडातून फुटवे येत राहतील. याचाच भाऊ भेरली माड एकखोडी असतो, तो फुलोरा संपला की झाडच संपतं. खोड कापाल तेव्हा जमिनीलगत कापा, मधे कापून त्याला फांदी फुटत नाही.

तो सडा नरफुलांचा. दोन नरफुलांच्या मधे एक मादीफूल असतं. नरफुलं आधी उमलून गळतात, मागे राहतात ते तुमचे मणी.

प्रतिसाद २

फळांबद्दल कळकळीने सांगते. गरात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे. मी एकदा उघड्या हातांनी गर सोलला आणि रात्रभर बोटं थंड पाण्यात बुडवून बसले. जाड हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका. घरात लहान मुलं किंवा कुत्रा असेल तर बी धरायचा मोह सोडून फळांचा लोंगर हिरवा असतानाच उतरवा. बी ताजंच पेरावं लागतं, उगवायला महिने लागतात. त्यापेक्षा मुळांसकट एखादा फुटवा वेगळा करणं सोपं, फक्त तो रुजेपर्यंत सावलीत ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. घरात चार वर्षांची नात आहे, तेव्हा लोंगर उद्याच उतरवते. खोड मात्र शेवटच्या पोयीपर्यंत ठेवणार.

प्रतिसाद वाचून आत्ता गच्चीवर जाऊन आले. दोन नंबरच्या खोडाचं नुकतंच उघडलेलं पान मोजलं. आधीच्या पानापेक्षा दोन वीत आखूड आहे. हे खोडही फुलोऱ्याला निघालंय का? की एवढ्यावरून सांगता येणार नाही?