मदत हवी आहे : पुतण्याची 'भारतीय फुटसल संघात' निवड झाली म्हणतात, पैसे भरावे का?

तूरवाला :

नमस्कार मंडळी. लिहिणं थोडं लांबेल, पण शुक्रवारपर्यंत पैसे भरा म्हणून सांगितलं आहे, म्हणून घाईत विचारून राहिलो.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. पुतण्या बारावीला आहे, गोलकीपिंग करते. गावात मैदान नाही, आहे तो जिनिंगचा सिमेंटचा ओटा. कापसाचा हंगाम सरला की पोट्टे तिथं पाच-पाच जण करून खेळतात, दोन्हीकडे सरकीची पोती ठेवली की झाले गोलपोस्ट. सिमेंटवर पडून पडून याचे कोपर सोलून निघतात. वहिनीनं जुन्या जीन्सचे पाय कापून, आतून गोधडीचं कापड लावून त्याले कोपराच्या पट्ट्या शिवून दिल्या आहेत. पोरगं चांगलं खेळते, हे मी काका म्हणून नाही सांगत, बाजूच्या गावचेही घेऊन जातात त्याले.

तर झालं असं की मागच्या महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी एक 'निवड चाचणी' झाली. प्रवेश फी 500. आता पत्र आलं की भारतीय फुटसल (पाच-पाच जणांचा, छोट्या मैदानावरचा फुटबॉल) संघात निवड झाली, थायलंडमध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, विमान, व्हिसा, किट आणि ब्लेझर मिळून 65 हजार भरा. पत्रात असंही आहे की हा संघ विश्वचषक खेळलेला आहे आणि प्रमाणपत्रावर 5 टक्के खेळाडू आरक्षणातून नोकरी लागते. भाऊ म्हणते सोयाबीनचे पैसे हातात आहेत तोवर टाकून देऊ, पोराचं नशीब निघते. वहिनीचा जीव वरखाली. संस्थेचं नाव इथं लिहीत नाही, उगाच भानगड नको.

भारताचा फुटसल संघ खरंच आहे का? असेल तर आजवर कुठं खेळला, काय जिंकला? आणि हे पत्र त्याच संघाचं आहे हे ओळखायचं कसं? नेटवर एका ठिकाणी भारत 2023 ला पहिल्यांदा खेळला असं दिसते, तर दुसरीकडं त्याच्या आधीचेच तिरंगा घेतलेले फोटो. डोकं गरगरून राहिलं.

पेनल्टीकिक :

संघ आहे, पण अजून दुधाचे दात पडले नाहीत त्याचे. सुनील छेत्री ज्या महासंघाकडून खेळला त्याच अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा हा संघ. महासंघाने 2021 मध्ये दिल्लीत फुटसलची पहिली क्लब स्पर्धा भरवली, ती दिल्ली एफसीने जिंकली. राष्ट्रीय संघ उभा राहिला तो त्यानंतर.

पहिली अधिकृत स्पर्धा ऑक्टोबर 2023 मध्ये, ताजिकिस्तानात दुशांबेला. 2024 च्या आशिया चषकाची पात्रता फेरी होती. गटात यजमान ताजिकिस्तान, पॅलेस्टाइन आणि म्यानमार. तिन्ही सामने हरलो. त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही, कारण तोच ताजिकिस्तान पुढं 2024 च्या विश्वचषकाला पात्र ठरला. मग सप्टेंबर 2025 ला कुवेतमध्ये पुढची पात्रता फेरी. तोवर प्रशिक्षकही इराणचा आणला होता, रझा कोर्दी. कुवेत आणि ऑस्ट्रेलियापुढं निभाव लागला नाही, पण मंगोलियाला हरवलं, आणि तो या स्पर्धेतला आपला पहिला विजय. मुलींचा संघ जानेवारी 2025 मध्ये इंडोनेशियात पहिल्यांदा आशियाई पात्रता फेरी खेळला.

फिफाच्या (जागतिक फुटबॉल संघटनेच्या) फुटसल विश्वचषकात भारत आजवर एकदाही नाही. 2024 चा उझबेकिस्तानात झाला, 24 संघ होते. आशियातून यजमानांशिवाय इराण, थायलंड, ताजिकिस्तान आणि अफगाणिस्तान. हो, अफगाणिस्तान, पहिल्यांदाच. ब्राझीलने अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला 2-1 ने हरवून सहावा विश्वचषक नेला. आशियात इराणची काय दादागिरी आहे ते बघा: 1999 पासून 2024 पर्यंत 17 आशिया चषक झाले, त्यातले 13 इराणचे, उरलेले 4 जपानचे. तिसऱ्या कुणाचा हातच लागला नाही. 2016 च्या विश्वचषकात तर इराणने ब्राझीलला पेनल्टीवर घरी धाडलं आणि तिसरा नंबर काढला.

सांगायचा मुद्दा असा की 'विश्वचषक खेळलेला भारतीय संघ' असं पत्रात असेल तर तो या महासंघाचा संघ नव्हे. मग कोणाचा, ते जाणकार सांगतील.

नागपुरी_संत्रं :

अरे पण ब्राझीलचा तो मोठा फुटबॉलपटू रोनाल्डिन्हो भारतात फुटसल खेळून गेला होता ना? मी टीव्हीवर पाहिलं होतं बाप्पा.

पेनल्टीकिक :

खेळला की. 2016 ची प्रीमियर फुटसल लीग. फिगो, गिग्ज, सगळे आले होते, आणि रोनाल्डिन्होने गोव्याकडून एका सामन्यात पाच गोल केले. पण ती खाजगी लीग होती, महासंघाची मान्यता नव्हती. चमचमाट भरपूर, राष्ट्रीय संघाशी काही संबंध नाही.

मास्तर_वाशीम :

तूरवाला भाऊ, तुमच्या जुन्या फोटोंचं कोडं सोपं आहे. जगात फुटसलच्या दोन गाद्या आहेत. एक फिफाची. दुसरी त्याहून जुन्या घराण्याची: 1971 मध्ये फिफुसा नावाची संघटना निघाली, तिने 1982 ला साओ पावलोत विश्वचषक घेतला, तेव्हा फिफाचा फुटसल विश्वचषक जन्मलाही नव्हता, तो 1989 ला नेदरलँड्समध्ये सुरू झाला. त्या जुन्या घराण्याची वारस आज एएमएफ नावाची संघटना. तिचा विश्वचषक वेगळा असतो (2015 ला बेलारूस, 2019 ला अर्जेंटिना). तिच्याशी जोडलेल्या संघटना आपल्या देशातही आहेत, आणि त्यांचेही संघ तिरंगा लावून बाहेर जातात. म्हणून फोटो खोटे असतीलच असं नाही. पण तो संघ वेगळा आणि फुटबॉल महासंघाचा संघ वेगळा.

त्यात तिसरी जर्सी आपल्या नागपूरची. विजय बारसे सरांच्या स्लम सॉकर या झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या संस्थेची पोरं होमलेस वर्ल्ड कपला, म्हणजे बेघरांच्या विश्वचषकाला जातात. तिथं चार-चारचा खेळ, मैदान 22 बाय 16 मीटर. तेही भारताच्या नावाने, पण ते फुटसल नव्हे.

आता ओळखायची एक खूण सांगतो. पुतण्याला विचारा, चाचणीत चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की आत कसा आणत होते? फिफाच्या नियमात चेंडू रेषेवर ठेवून पायाने मारतात, आणि त्याला चार सेकंद मिळतात. एएमएफच्या खेळात हाताने फेकतात. एवढ्यावरून कोर्टात निकाल लागणार नाही, पण कोणत्या घरचं पत्र आहे याचा वास येईल.

एक_आई :

मास्तरांचं सगळं बरोबर, पण मी पैशाचं बोलते. खऱ्या राष्ट्रीय संघात सहसा खेळाडूच्या बापाकडून विमानाचं भाडं मागत नाहीत. माझ्या मुलीच्या वेळी एका खेळात (नाव नको) असंच ब्लेझरसकट पत्र आलं होतं. आम्ही मुकाट्याने भरले. स्पर्धा झाली, मेडल आलं, फोटो पेपरात आला, सत्कार झाला. नोकरीच्या वेळी प्रमाणपत्र पडताळणीला दिलं तर ते चाललं नाही. संघटना मान्यताप्राप्त नव्हती म्हणे. वर 'आम्ही नोकरीची हमी दिली नव्हती' हेही ऐकून घेतलं. तुमच्या पत्रात नोकरीचं वाक्य छापलं असेल तर ते पत्र जपून ठेवा, फाडू नका.

आणि पैसे कोणाच्या खात्यात मागितले? संस्थेच्या की माणसाच्या?

तूरवाला :

ताई, माणसाच्या. फोनपे नंबर दिला आहे.

आणि मास्तर, पोराले विचारलं. हातानंच फेकत होते म्हणते! त्याले वाटलं फुटबॉलसारखंच असन.

अडाण_काठचा :

फोनपे म्हटलं की विषय संपला न गड्या. काऊन एवढा इचार करून राहिला?

मास्तर_वाशीम :

विषय संपला नाही, पोरगं आहे अजून. कागद घेऊन आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जा आणि एवढंच विचारा: ही संघटना, ही स्पर्धा 5 टक्के आरक्षणासाठी धरली जाते का? खेळाडू प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालक कार्यालयातून होते, तुमच्यासाठी ते अमरावतीला. तोंडी 'हो' ऐकून परत येऊ नका. अर्ज लिहून द्या, आवक नंबर घ्या. उत्तर यायच्या आत शुक्रवार उलटला तर उलटू द्या. सरकारी कागदापेक्षा घाई करणारी निवड मी तरी चांगली पाहिली नाही.

दुसरं, महासंघाकडच्या खेळाडूंची ऑनलाइन नोंदणी असते, सेंट्रल रजिस्ट्रेशन सिस्टीम. क्लबमार्फत नाव चढतं. पोराचं नाव तिथं नसताना तो थेट भारताच्या संघात कसा गेला, हा प्रश्न त्या चाचणीवाल्यांना विचारा. महाराष्ट्रात महासंघाची राज्य संघटना म्हणजे विफा. यवतमाळ किंवा अमरावतीचा विफाच्या स्पर्धा खेळणारा क्लब शोधा, खरा रस्ता तिथून जातो. रस्ता लांब आहे, हे कबूल.

तूरवाला :

चाचणीवाल्यांना फोन केला. संलग्नतेचं पत्र दाखवा म्हटलं तर म्हणे, 'तुमच्या जागेवर दुसरं पोरगं तयारच आहे, ठरवा लवकर.' भावाले स्पीकरवर ऐकवलं. तो काही बोलला नाही, पण सोयाबीनचे पैसे सोसायटीत भरून आला. सोमवारी यवतमाळला अर्ज द्यायला जातो.

पोट्ट्याचं तोंड उतरलं आहे, दोन दिवस ओट्यावर गेला नाही. त्याच्यासाठी एक विचारतो. त्याच्या कॉलेजात हँडबॉलचं मैदान आखलेलं आहे, कोणी खेळत नाही. तिथं खऱ्या नियमानं फुटसल खेळता येईल का? मापं जुळतात का?

मास्तर_वाशीम :

जुळतात म्हणजे काय, तंतोतंत! हँडबॉलचं मैदान 40 बाय 20 मीटर. आंतरराष्ट्रीय फुटसलला लांबी 38 ते 42 आणि रुंदी 20 ते 25 लागते, म्हणजे तुमचं मैदान थेट बसतं. गोलपोस्टही दोन्हीकडे 3 बाय 2 मीटर. गोलसमोरची 6 मीटरची कमान असते तीच पेनल्टी एरिया धरा, पेनल्टी 6 मीटरवरून. फक्त 10 मीटरवर एक खूण नव्याने पाडा: एका हाफमध्ये संघाचे पाच फाउल झाले की सहाव्यापासून समोरच्याला भिंतीशिवाय फ्री किक मिळते, ती तिथून. गोलकीपरचा खरा कस तिथं लागतो, पुतण्याला आवडेल.

हाफ 20 मिनिटांचा, पण चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबतं. घड्याळ थांबवायला एक माणूस वेगळा बसवा, नाहीतर भांडणं होतील.

पेनल्टीकिक :

आणि चेंडू बदला. आखाड्यात... म्हणजे ओट्यावर पाच नंबरचा फुटबॉल वापरत असाल तर तो उंच उसळतो. फुटसलचा 4 नंबर, 62 ते 64 सेंटिमीटर घेराचा, वजन 400 ते 440 ग्रॅम. दोन मीटरवरून सोडला तर पहिली उसळी 50 ते 65 सेंटिमीटरच. साधा 4 नंबरचा फुटबॉल घेऊ नका, दुकानदार तोच गळ्यात मारतो. दुकानातच डोक्याच्या वरून सोडून बघा, गुडघ्याच्या आसपास यायला पाहिजे, कमरेला आला तर परत द्या.

तूरवाला :

हे लिहून घेतलं. सोमवारी अर्ज दिला की त्याच चकरेत चेंडू पाहतो. यवतमाळात कोणत्या दुकानात मिळते, कोणाले माहीत असन तर सांगा. आणि हँडबॉलच्या जाळ्या फाटून गेल्या आहेत, मासोळीचं जाळं लावलं तर चालते काय?

अडाण_काठचा :

चालते न. माह्याकडं धरणावरचं जुनं पडून आहे, घेऊन जा.