चातुर्मासात सासूबाईंना थाई हॉटेलात न्यावं का? (टोरांटो डाउनटाउन)

वाईकरीण:
मंडळी, सासू-सासरे वाईहून आलेत, ऑक्टोबरपर्यंत आहेत. घर मिसिसागात, माझं ऑफिस डाउनटाउनला. ऑफिसच्या खालीच क्वीन वेस्टला एक साधंसं थाई-मलेशियन हॉटेल आहे. बाहेर पॅटिओ, लाल कागदी कंदील, लोक निवांत बसलेले. परवा मला घ्यायला आले तेव्हा सासूबाई बघतच उभ्या राहिल्या. "असं बाहेर बसून जेवायला काय मजा येत असेल गं!" झालं, नवऱ्यानं लगेच शुक्रवार ठरवून टाकला.

आता अडचण. सासूबाई पक्क्या शाकाहारी, त्यात आषाढी झाली, म्हणजे कांदा-लसूण-वांगं बंद. सासऱ्यांना मासे चालतात, श्रावण लागेपर्यंत. मेनूत बऱ्याच पदार्थांपुढे 'व्हेज' लिहिलंय, पण त्यावर विसंबावं का? सासऱ्यांचा गुडघाही दुखतो. "घरीच खिचडी टाका" असं कृपया सांगू नका, ते मलाही सुचतं.

पक्कापुणेकर:
सरळ उडुप्याकडे न्या. एवढा खटाटोप कशाला?

वाईकरीण:
उडुपी त्यांना वाईतही मिळतं हो.

खलबत्ता:
शिकत असताना संध्याकाळी एका थाई हॉटेलात भाज्या चिरायचो, त्यामुळे आतली बाजू सांगतो. 'व्हेज' म्हणजे बऱ्याच ठिकाणी एवढंच, की चिकनच्या जागी टोफू. करीचं वाटण तेच. त्यात गवती चहा आणि मिरचीबरोबर छोटे कांदे नि लसूण असतोच, आणि बहुतेक वेळा कापीही, म्हणजे बारीक कोळंबी खारवून, आंबवून केलेला गोळा. आपल्या जवळ्याचा चुलतभाऊ म्हणा. हे वाटण सकाळीच झालेलं असतं किंवा डब्यातून येतं. तुम्ही कितीही गोड बोललात तरी सात वाजता त्यातून लसूण कोण काढणार? तेव्हा करी सगळ्या बाद. मसामनमध्ये बटाटा, शेंगदाणे, दालचिनी बघून मोह होईल, पण वाटणाची गोष्ट तीच. हिरव्या करीत तर वर वांगीही.

म्हणून 'व्हेज आहे का' असं विचारू नका. आधी करून ठेवलेलं काय आणि ऑर्डरनंतर होणारं काय, ते विचारा. पॅड थायचा, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्सचा, सॉस (चिंच, ताडगूळ, फिश सॉस) बहुधा शिजवून ठेवलेला असतो, तो सोडा. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, मात्र तिथल्या तिथे उखळीत कुटतात. लसूण, सुकी कोळंबी, फिश सॉस नको म्हटलं तर खरंच टळतं. फक्त उखळी धुवून घ्यायला सांगा, आधीच्या गिऱ्हाइकाची कोळंबी तिच्यात असतेच. बोकचोय (चिनी पालेभाजी), मशरूम, टोफू नुसत्या सोया सॉसवर कढईत परतून मिळेल; ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा, नको हे वेगळं सांगा, तो हाताच्या सवयीनं पडतो. मलेशियन रोतीच्या कणकेत कुठे कुठे अंडं घालतात. शेवटी मँगो स्टिकी राइस: चिकट तांदूळ, नारळाचं दूध, साखर, मीठ, आंबा. निर्धास्त खा.

आणि एक. थायलंडमध्ये चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस व्रत असतं, फुकेतचं विशेष प्रसिद्ध. मांस, मासे, अंडी, दूध बंद, शिवाय कांदा-लसूणही बंद! बऱ्याच वर्षी आपल्या नवरात्राच्या आसपासच येतं. त्या जेवणाला 'जे' म्हणतात. आत थाई आचारी असेल तर एवढं सांगितलंत तरी त्याला निम्मं कळेल. फोन दुपारी तीन-चारला करा. शुक्रवारी संध्याकाळी सातला कोणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतं.

लेकशोअरवाला:
खाण्याचं झालं, मी बसण्याचं सांगतो. जुलैत इथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. सातला गेलात तर पश्चिमेचं ऊन थेट ताटात. आजी-आजोबांची पाठ पश्चिमेकडे ठेवा. दुसरं, २०२० मध्ये करोनाच्या वेळी पालिकेनं कॅफेटीओ म्हणून योजना आणली आणि रस्त्याच्या कडेची लेन टेबलांना दिली. तुमचा पॅटिओ तसा असेल तर गाड्या अगदी कोपराजवळून जातात आणि स्ट्रीटकार, म्हणजे ट्राम, आली की बोलणं थांबवावं लागतं. भिंतीलगतचं टेबल मागा. लोखंडी घडीच्या खुर्च्या असतात, सासऱ्यांसाठी घरची उशी न्या, कोणी हसत नाही. शेजारी कोणी सिगरेट ओढेल ही भीती नको, २०१५ पासून ओंटारियोत पॅटिओवर बंदी आहे.

बिल मात्र त्यांना दाखवू नका. आधीच १३ टक्के कर, वर ते मशीन १८, २० असे टिपेचे आकडे दाखवतं. माझे वडील "हे कशाबद्दल?" म्हणून वेटरसमोरच हिशेब मांडून बसले होते.

वाईकरीण:
मनापासून आभार! आज चारला फोन केला. बाई थाईच निघाल्या. 'जे' म्हटल्यावर आधी हसल्या, मग म्हणाल्या, "अंडं नको ना? रोती घेऊ नका." पपई वेगळ्या भांड्यात कुटून देणार आहेत. भिंतीलगतचं टेबल मिळालंय, साडेसातचं. सासूबाई आताच विचारतायत, चॉपस्टिकनं खावं लागेल का.

सासऱ्यांना अख्खा मासा हवाय. मेनूत लिंबू-मिरचीत वाफवलेला सी बास आहे. काट्यांचं काय? आणि एकाच टेबलावर चालेल ना?

खलबत्ता:
भात-भाजीला चमचा आणि काटा, थाई लोकही तसंच खातात. चॉपस्टिक नूडल्सपुरत्या. सी बासचे काटे मोठे, सहज निघतात. त्या रश्शात लसूण पुष्कळ असतो, तेव्हा मासा सासऱ्यांच्या बाजूला, सासूबाई वाऱ्याच्या वरच्या अंगाला.

पक्कापुणेकर:
मँगो स्टिकी राइस दोन मागवा. एक पुरत नाही.