वयात येताना पाळी पुढंमागं होणं: तुमच्या घरचे अनुभव लिहा

बाळीवेसची_लेक
परवा शेजारची नववीतली पोर मला जिन्यात गाठून कानात विचारती, "काकू, दोन महिने झाले आली नाही. मला काय झालंय का?" आईला सांगितलं नव्हतं, आई ओरडेल म्हणून. मला माझी आठवी आठवली. पहिली पाळी आली उन्हाळ्यात, त्यानंतर दिवाळीपर्यंत पत्ता नाही. आज्जी म्हणाली उष्णता झाली. आत्या म्हणाली, रक्त आत साठतंय, डोक्यात जाईल. मला रात्री स्वप्नात तेच दिसायचं. आई विड्या द्यायला कारखान्यात जायची, तिथल्या एका बाईनं डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, रक्त कुठं साठत नाही. पहिली दोन-तीन वर्षं मेंदू आणि अंडाशयाचा ताळमेळ बसलेला नसतो, दर महिन्याला अंडं सुटतंच असं नाही. अंडं सुटलं नाही की पिशवीचं अस्तर वेळेवर गळत नाही, वाढत राहतं आणि मग उशिरा, एकदम जास्त जातं. आई तिथंच रडायला लागली.

तुमच्याकडं काय झालं ते लिहा. त्या पोरीला मला नीट सांगायचंय.

रेणू_होटगीरोड
उष्णता!! माझ्या आज्जीनं सब्जा पाजून पाजून माझं पोट फुगवलं होतं 😄 पाळी आली तिच्या वेळेलाच.

निवृत्त_सिस्टर
पोरीला आधी विचार, पहिली पाळी कधी आली. एक-दोन वर्षंच झाली असतील तर 21 ते 45 दिवसांत कधीही आली तरी चालतं. मोजायचं कसं, तर रक्त आलं तो पहिला दिवस, तिथून पुढच्या वेळच्या पहिल्या दिवसापर्यंत. पुष्कळ पोरी पाळी संपल्यापासून मोजतात आणि घाबरतात. दोन महिने म्हणजे 45 च्या पुढं गेलंय, पण अधूनमधून एखाद्या वेळी असं होतं. तारीख लिहून ठेवा. 90 दिवस झाले तरी नाही आली तर दाखवा. सात दिवसांच्या वर चाललं, तास-दोन तासाला पॅड भिजतंय, किंवा 15 पूर्ण झाली तरी पहिलीच आली नाही, तर वाट बघू नका.

अजून एक. डॉक्टर गरोदरपणाची तपासणी करायला सांगतील. कुठल्याही वयाच्या मुलीला सांगतात, त्यात अपमान मानू नका. पोरीला एकटीला पाच मिनिटं बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा.

सुईदोरा
माझ्या धाकट्या बहिणीचं उलटं होतं. यायची आणि थांबायचीच नाही. दहा-बारा दिवस. आमचं यंत्रमागवाल्यांचं घर, नळाला पाणी दिवसाआड पण नाही, कपडे धुवायचे कसे आणि वाळत घालायचे कुठं. ती कापड जपून वापरायची, म्हणून किती जातंय ते आम्हाला कळलंच नाही. जो तो म्हणायचा, सुरुवातीला जातंच. एके दिवशी प्रार्थनेला उभी असताना पडली. हिमोग्लोबिन 6 च्या खाली. रक्त चढवलं. तिथल्या मॅडमनी विचारलं, हिच्या नाकातून रक्त येतं का? दात पाडला तेव्हा रक्त लवकर थांबलं होतं का? येतं, आणि थांबलं नव्हतं. आम्ही हे कधी पाळीशी जोडलंच नव्हतं. तपासणीत निघालं की रक्त गोठायला लागणारा एक घटक तिच्यात कमी आहे, फॉन विलब्रँड म्हणतात. जन्मापासूनचं. मग पाळीत डॉक्टरांनी दिलेल्या ट्रॅनेक्सामिक अॅसिडच्या, म्हणजे रक्त जाणं कमी करणाऱ्या गोळ्या घ्यायची. आता लग्न झालंय, गरोदर आहे, आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांना सगळं आधीच सांगून ठेवलंय.

पहिल्याच पाळीपासून धो धो जात असेल तर हात जोडून सांगते, रक्त तपासा.

रेणू_होटगीरोड
सुईदोरा, वाचून अंगावर काटा आला गं. बहिणीला माझा आशीर्वाद सांग. कितवा महिना?

सुईदोरा
सातवा. पुढच्या आठवड्यात ओटी भरायची आहे, चोळीचं कापड नवी पेठेतून आणायचं राहिलंय अजून.

अव्वाची_नात
आमच्याकडं न्हाण आलं की पोरीला नटवून पाटावर बसवतात, ओवाळतात, सगळी गल्ली जेवून जाते. नंतर तीन महिने पाळी आली नाही तर त्याच गल्लीतल्या बायका रोज विचारायच्या, आली का गं? मला शाळेतून घरी यायला नको वाटायचं. म्हणून माझ्या लेकीच्या वेळी फक्त घरातल्या घरात गोड केलं. सासूबाई रुसल्या. रुसू देत.

थांबा, नळ आला, भरून येते.

खोखोची_आई
आमची मैदानावरची. पहाटे सराव, मग शाळा, संध्याकाळी परत सराव, आणि खायचं म्हणलं की अर्धी भाकरी. पाळी बंदच झाली. तिला आणि मैत्रिणींना ते सोयीचंच वाटायचं. मग नडगी दुखायला लागली म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, पाळी येती का? मला कळेना, पायाचा आणि पाळीचा काय संबंध. ते म्हणाले, जेवढं पळती तेवढं पोटात जात नाही, म्हणून शरीरानं पाळी बंद केली. पाळीचे हार्मोन कमी पडले की हाडं पण ठिसूळ होतात, आणि हाडात भर पडायची हीच वर्षं. सराव कमी केला, खाणं वाढवलं. शेंगदाण्याची पोळी, दूध, अंडी. लगेच नाही आली, पण आली. आता परत खेळती. कोचसरांना मी स्वतः जाऊन सांगितलं, वजनावरून पोरींना बोलू नका.

रेणू_होटगीरोड
शेंगदाण्याची पोळी विकतची का घरची?

खोखोची_आई
घरची. कूट जरा जाडसरच ठेवायचं, गूळ चिक्कीचा नको, साधा.

जुळेसोलापूरची_मंजू
माझ्या मानेवर काळी पट्टी होती, काखेत पण. आई मळ म्हणून दगडानं घासायची. हनुवटीवर केस, पाळी चार-चार महिन्यांनी. एका ठिकाणी सोनोग्राफी करून सांगितलं पीसीओडी, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबायचा आजार, लग्न लवकर करा म्हणजे बरं होईल. मी अकरावीत होते! बाबा फाईल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडं गेले. त्या म्हणाल्या, या वयात अंडाशयात बारीक गाठी दिसतातच, तेवढ्यावरून शिक्का मारायचा नाही. मानेचा काळेपणा इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण. रक्ताच्या तपासण्या केल्या, जेवण बदललं, संध्याकाळी तलावाला चालत फेरी. गोळ्या पण होत्या. लग्न मी नोकरी लागल्यावर केलं.

निवृत्त_सिस्टर
मंजू, तुझ्या बाबांना नमस्कार. लग्न हे औषध नाही, हे मी ड्युटीवर घसा कोरडा होईपर्यंत सांगितलंय. पहिल्या पाळीनंतर 8 वर्षं होईपर्यंत पीसीओएस (पीसीओडी म्हणतात तेच) ठरवायला सोनोग्राफी धरायची नाही, असं 2018 पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच आहे. आणि ज्या आया "आतून तपासतील" म्हणून पोरींना आणत नाहीत त्यांच्यासाठी: या वयात सोनोग्राफी पोटावरूनच करतात, पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची, बास.

अव्वाची_नात
आले. आमच्यात सोलापुरात सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वज (मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या) निघायच्या आधी घराघरात पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणतात. चौदा वर्षांच्या पोरीला पण देतात. यात्रा झाली, गोळी बंद केली की रक्त जातं आणि पुढच्या तारखा कळत नाहीत. सिद्धरामेश्वराला त्या लेकराच्या पाळीचं काय वावडं असणार? मी आमच्या घरात हे बंद केलं.

खोखोची_आई
+1. आषाढीला आमच्याकडं पण हेच.

जिन्यातल्या_पोरीची_आई
बाळीवेस, लिंक पाठवलीस, सगळं वाचलं. लेक काल रात्री माझ्याजवळ बोलली. मी ओरडणारी वाटते तिला, ते मनाला लागलं. पहिली पाळी मागच्या श्रावणात आली होती. जास्त जात नाही, चक्कर नाही. पण खूप दमते आणि केस गळतात. थायरॉईड बघून घ्यावा का? उपाशी न्यायचं का?

निवृत्त_सिस्टर
दमते, केस गळतात म्हणताय तर दाखवाच, 90 दिवसांची वाट नको. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिनला उपाशी लागत नाही, खाऊनच न्या, नाहीतर सुई बघून चक्कर यायची. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात ती खाती का विचारा, पुष्कळ पोरी टाकून देतात. जेवल्यावर घ्यायची, लिंबूपाण्याबरोबर चालेल, चहाबरोबर नको. शी काळी होते, त्याला घाबरू नका.

जिन्यातल्या_पोरीची_आई
विचारलं. दप्तराच्या कप्प्यात पुडकं निघालं गोळ्यांचं. सोमवारी नेते.