पाचशेच्या आत एक दिवस: गड चढायचा, की कड्यालाही हात घालायचा?

लळिंगपायथा

खानदेशातून ट्रेक म्हटलं की अजूनही नाशिक नाहीतर भंडारदरा. दोन रात्री प्रवासात जातात आणि दोन-अडीच हजार खर्चून वर गर्दीत रांग लावायची. माझं म्हणणं, धुळे-जळगावकराला माणशी पाचशेच्या आत, सकाळी निघून रात्री घरी जेवायला, असे बारा रविवार सहज निघतात. फक्त त्यात दोर लावून कडा चढणं घुसवू नका. या पैशात ते नीट होत नाही.

हिशेब असा. धुळ्याहून लळिंग दहाएक किलोमीटर, आग्रा रोडला लागूनच. एसटी नाहीतर शेअर रिक्षा. पायथ्याच्या गावातून वर तास, फार तर सव्वा तास. त्याच रस्त्यावर उलट दिशेला सोनगीर, साधारण वीस किलोमीटर. गड छोटा, नवख्यांना उत्तम. दिवसभर फिरायचं तर साक्री तालुक्यात निजामपूरजवळचं भामेर. डोंगर जोडून आहेत, कोरीव लेण्यांची रांग आहे, बघायलाच तीन तास जातात. जळगावकरांनी रेल्वेने चाळीसगाव गाठावं (नव्वदएक किलोमीटर, जनरलचं तिकीट बसपेक्षा पुष्कळ स्वस्त), तिथून अठरा किलोमीटरवर पाटणादेवी. वर कण्हेरगड, वाटेत नागार्जुन कोठडी आणि सीतेची न्हाणी. फाटकावर वनखात्याची फी भरायची आणि अंधाराआधी बाहेर यायचं. गौताळा अभयारण्य आहे ते, बिबट्या आहे.

डबा घरचा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा, गूळ. दशमी दुधात मळलेली असल्यामुळे दुपारपर्यंत मऊ राहते, कळण्याची भाकरी अकरालाच कडक होते. केळी पिशवीत सगळ्यात वर ठेवा, नाहीतर गडावर शिकरण.

दोरगाठ

लळिंगपायथा, गडांची यादी झकास, पण "दोर नको" हे पटलं नाही. गटाने सामान घेतलं तर खर्च वाटतो तेवढा येत नाही.

दहा जण धरा. आजच्या बाजारात साधारण: 60 मीटर डायनॅमिक (ताणून झटका गिळणारा) दोर 12,000, तीन हार्नेस (कमरेचे पट्टे) 9,000, तीन हेल्मेट 6,000, सहा स्क्रूवाले कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) 4,200, दोन बिले डिव्हाइस (बिले म्हणजे चढणाऱ्याचा दोर धरून त्याला रोखणं) 1,800, शिवलेल्या चार स्लिंग (पट्ट्यांचे फास) 2,000. झाले 35,000. माणशी साडेतीन हजार. महिन्याला एक फेरी, तीन वर्षं वापर, म्हणजे फेरीला माणशी शंभराच्या आतच. हॉटेलात शेवभाजीला बसलात तर याहून जास्त जातात.

जागा म्हणाल तर गडाचा कडा कशाला? पायथ्याला दहा-बारा मीटरची, वरून चालत जाता येणारी भिंत शोधा. दोर वरून सोडायचा, चढणारा खाली, बिले देणारा खाली. बारा मीटरला दोर जाऊन-येऊन चोवीस, वरची बांधणी आणि गाठी धरून तीस लागतो.

बांधणी अशी. एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन आधार. एक सुटला तरी दुसऱ्यावर झटका न बसता भार गेला पाहिजे. दोन्हीकडून येणाऱ्या स्लिंगमधला कोन 60 अंशांच्या आत ठेवा. 60 ला प्रत्येक आधारावर भाराच्या सुमारे 58 टक्के येतात, 120 ला प्रत्येकावर पूर्ण भार. म्हणजे दोन आधार लावून मिळवलं काय? जिथे दोर फिरतो तिथे दोन कॅराबिनर, तोंडं उलटसुलट, स्क्रू बंद. ही जोडी कड्याच्या धारेच्या खाली लोंबली पाहिजे आणि धारेवरून जाणाऱ्या स्लिंगखाली जुन्या जीन्सची घडी. बेसॉल्टची ताजी धार सुरीसारखी असते.

सातपुडी

आधार कशाला बांधणार ते लिहिलंच नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे. आपल्याकडच्या उघड्या डोंगरावर मांडीएवढं जाड, हिरवं, मुळं खडकात गेलेलं झाड किती ठिकाणी आहे? सालईचं लाकूड ठिसूळ. निवडुंगाला तर हातही लावू नका, चीक डोळ्यात गेला तर दवाखाना. राहिले दगड. आपला खडक म्हणजे थरावर थर, मधे लाल मातीचे पट्टे. लाल पट्ट्याच्या वरचा सुळका कितीही दणकट दिसो, खालून पोखरलेला असतो. मुठीने ठोका: टण्ण वाजला तर बरा, ढब वाजला की सोडा. पावसानंतर दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या, ओल्या फटीतले धोंडे तेव्हाच सुटतात.

आणि कृपा करून तटबंदीच्या चिऱ्याला, बुरुजाला, कमानीला दोर बांधू नका. चुना कधीचा निघून गेलाय, चिरा नुसता वजनावर बसलाय. संरक्षित गडावर ड्रिल मारून बोल्ट ठोकणं तर सरळ गुन्हा.

एसटीवाला

दोराचं तुमचं चालू द्या, भो. माझा मुद्दा वेगळा: बजेट मोडतं ते परतीच्या गाडीत. शेवटची एसटी चुकली की स्पेशल रिक्षा, आणि दिवसभराची बचत तिथेच गेली. म्हणून आधी डेपोत परतीची वेळ विचारा (फाट्यावरच्या चहावाल्याला परत विचारा, तो जास्त खरं सांगतो). मग उलटं मोजा. गाडी साडेपाचला, तर फाट्यावर पाचला, उतरायला दीड तास, म्हणजे साडेतीनला वरून निघायचं. शिखर आलं असो वा नसो.

महिलांना एसटीत 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट. गटात निम्म्या ताया असतील तर बसच्या पुढे काहीच स्वस्त नाही.

बुलेटबिगरबुलेट

एसटीवाले दादा, दोघांत एक बाइक धरा. जाऊन-येऊन 200 किलोमीटर, 45 चं ॲव्हरेज, पेट्रोल 105 धरलं तर 467 रुपये, माणशी 233. वेळ आपल्या हातात, शिवाय भामेरसारख्या ठिकाणी फाट्यापासूनची पायपीट वाचते.

एसटीवाला

आणि आठ तास उन्हात चालून संध्याकाळी ट्रकांच्या हायवेवर डुलक्या घेत गाडी कोण चालवणार? ट्रेकला गेलेला माणूस ट्रेकमध्ये कमी आणि परतीच्या रस्त्यावर जास्त पडतो असं माझं ठाम मत आहे. पन्नास किलोमीटरच्या आत बाइक, पुढे बस नाहीतर रेल्वे.

कापूसकोंडा

एक स्वस्त उपाय सुचवू का? बाजारात दोराच्या दुकानात जाड पिवळा नायलॉनचा दोर मिळतो, पाच-सहाशेत काम होतं. त्याने बैल आवरतो, माणूस नाही आवरणार?

दोरगाठ

नाही आवरणार, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकासाठी सविस्तर लिहितो. तो दोर बहुधा नायलॉन नसतोच. एक तुकडा कापून बादलीत टाका. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीन, बुडाला तर नायलॉन असण्याची शक्यता. पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 अंशांला वितळतं. दोरावर दोर घासला, किंवा भरभर रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं) करताना धातू तापला, की पृष्ठभाग मऊ पडतो. उन्हात महिनोन् महिने लटकलेला असेल तर आधीच सडलेला, चुरगळला की पिवळी भुकटी हाताला लागते. आणि मुख्य म्हणजे तो झटका गिळत नाही. बैल ओढतो, वरून पडत नाही.

गिर्यारोहणाच्या दोराला पांढरा-रंगीत कवच आणि आत वेगळा गाभा असतो. टोकाच्या पट्टीवर जाडी, लांबी, युरोपीय मानकाचा क्रमांक, EN 892 (डायनॅमिक) किंवा EN 1891 (सेमी-स्टॅटिक, म्हणजे कमी ताणणारा) छापलेला असतो. पट्टी नाही तर दोर नाही. कॅराबिनरवरही किलोन्यूटन (भार पेलायचं माप) कोरलेले असतात. लांबीच्या दिशेला 20 च्या वर आणि आडवा 7 च्या आसपास. आडवा भार आला की ताकद एक तृतीयांश होते, म्हणून चढणारा निघण्याआधी कॅराबिनर सरळ आहे ना हे हात लावून बघायचं.

तापीकाठ

डायनॅमिकवर 12,000 घालण्याशी मी सहमत नाही. वरून सोडलेल्या दोरावरच चढायचंय ना? मग 10.5 मिलीमीटरचा सेमी-स्टॅटिक चाळीस मीटर घ्या. स्वस्त पडतो, घासायला टिकाऊ, रॅपलिंगलाही तोच. उलट बारा मीटरच्या भिंतीवर डायनॅमिकचा तोटाच आहे. चढणारा खाली असताना चोवीस मीटर दोर सुटलेला असतो आणि माणूस लोंबकळला की तो सात-आठ टक्के ताणतो. म्हणजे पावणेदोन-दोन मीटर. पहिल्या दोन मीटरमध्ये हात सुटला तर नवखा थेट जमिनीवर.

दोरगाठ

ताणाचं गणित बरोबर. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीला बिले कडक ठेवायचा, चढणाऱ्याला किंचित वर ओढलेलं वाटेल इतका. पण गटाकडे एकच दोर असेल तर आज ना उद्या कुणीतरी तो कमरेला बांधून खालून लीड (वर दोर न लावता, दोर सोबत ओढत) चढणार, हे लिहून ठेवा. सेमी-स्टॅटिकवर लीडचं पडणं म्हणजे कमरेला आणि आधाराला हातोडा. वरून सोडलेला दोर ढिला ठेवून चढला तरी तेच.

तापीकाठ

मग दोराला लाल चिकटपट्टी लावा, "लीडला नाही" लिहा. कुणी तरी चूक करेल म्हणून महाग सामान घ्या, हे तर्कट आहे.

सातपुडी

दोघेही दोर विकत घेण्यात गुंतलात, ठेवणार कुठे? हा प्रश्न चेष्टेचा नाही. दहा जणांचा दोर एकाच्या घरी पडतो आणि खानदेशात घरोघरी इन्व्हर्टर आहे. बॅटरीच्या आम्लाच्या वाफेने नायलॉन आतून कुजतं, वरून काही दिसत नाही. तीच गोष्ट ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सची आणि गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बॅटरीची. दोर सावलीत, कापडी पिशवीत, जमिनीपासून वर. सोबत वही: तारीख, कुठे वापरला, किती वेळा लटकले, कुणी तपासला. तपासायचा म्हणजे हातभर हातभर बोटांतून सरकवत न्यायचा. मऊ पोकळ जागा, कडक गाठ, कवच फाटून पांढरा गाभा दिसणं, यांपैकी काहीही सापडलं की तिथून कापा. ही वही दहा जणांत दुसऱ्या वर्षी कोण लिहितं? तीन वर्षांचा हिशेब कागदावर छान आहे, पण दहातले चार सहा महिन्यांत गळतात आणि माणशी साडेतीनचे सहा हजार होतात.

माझं मत: ज्याला दोर हवा त्याने आधी शिकलेल्या माणसांसोबत, नोंदणी असलेल्या संस्थेकडे दोन दिवसांचं शिबिर करावं. राज्याचं 2021 चं साहसी पर्यटन धोरण आहे, नोंदणी आहे का हे विचारायला लाजू नका. बाकी दिवस दोराविना. अडीच मीटरच्या आतल्या धोंड्यांवर आडवं चढा, खाली माती मऊ बघून. बोटांची ताकद आणि पायांवर भरवसा तिथेच येतो. फुकट.

लळिंगपायथा

सातपुडी ताई, हेच म्हणत होतो.

दोरगाठ

अडीच मीटरवरून पाय मुरगळला तरी कण्हेरगडावरून खांद्यावरच आणावा लागतो, हे "फुकट"मध्ये धरा.

उन्हाळी

कुणी उन्हाबद्दल बोलत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसला जातो आणि काळा दगड त्याहून तापतो. दहानंतर भिंतीवर हात ठेवून दाखवा. माझ्या मते कड्याचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चालण्याचा जुलै ते फेब्रुवारी, नंतर सातपुड्याची सावली, म्हणजे आडगावजवळचं मनुदेवी किंवा पाल. तोरणमाळचं नाव कुणी घेण्याआधी: उंची अकराशे मीटरच्या वर, हवा छान, पण शहाद्यापासून घाट आणि बसेस मोजक्या. जळगावहून एका दिवसात तो बसचाच ट्रेक होतो.

पाणी थंडीत माणशी तीन लिटर, मार्चपासून पाच. गडावरच्या टाक्यांवर विसंबू नका, फेब्रुवारीनंतर तिथे शेवाळ नाहीतर चिखल. नुसतं पाणीही पुरत नाही. एक लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा पाच मिलीचा. घाम थांबला आणि माणूस बरळायला लागला की लिंबू-पाणी पाजत बसू नका. सावली, ओलं कापड, वारा, आणि 108.

कापूसकोंडा

बादलीत टाकला. तरंगतोय.

दोरगाठ

गोठ्यात ठेवा. आणि आग्या मोहोळाचं राहिलं: लेण्यांच्या छताला असतातच. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा नको. दोरावर असताना मधमाशा उठल्या तर हात सोडून झटकू नका. बिलेवाल्याने सावकाश पण न थांबता खाली घ्यायचं, म्हणून त्याच्या हातात आधीपासून हातमोजे हवेत.

तापीकाठ

लाल चिकटपट्टीचं मात्र तुम्ही उत्तर दिलंच नाही.