मदत हवी आहे : रात्रपाळी, अपुरी झोप आणि बीपी

नमस्कार मंडळी. आम्ही सिंहगड रोडला राहतो. ह्यांचं वय ४४, हिंजवडीत रात्रपाळी. पहाटे चारला कॅब सोडते आणि साडेआठला खाली भाजीवाला ओरडला की झोप संपली. गेल्या महिन्यात बीपी १४८/९४ निघालं, तेही तीनदा मोजून.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या आठ निकषांत झोपही घेतली. मोठ्यांना ७ ते ९ तास. झोपेत बीपी एरवी १० ते २० टक्के उतरतं. झोपच तुटली तर ते उतरणार कधी? हे म्हणतात, "रविवारी भरून काढतो." रविवारी दुपारपर्यंत घोरतात, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो, मग दचकून कूस बदलतात. मला त्या घोरण्याचीच जास्त धास्ती वाटते.

तर विचारायचं होतं, स्लीप स्टडी (झोपेत श्वास कसा चालतो ते बघणारी तपासणी) घरी मशीन लावून चालते की हॉस्पिटलातच राहावं लागतं? रात्रपाळीवाल्यांची दिवसा करतात का? आधी हृदयरोगतज्ज्ञ गाठू की छातीचे डॉक्टर? कोथरूड-कर्वेनगरकडे कुणी करून घेतली असेल तर खर्चासकट सांगा. बीपीची गोळी सुरू आहे, ती बंद करणार नाही, तेवढं आधीच सांगते.