ग्वाल्हेर : सासऱ्यांचं ईसीएचएस कार्ड इतक्या वर्षांनी काढता येईल का?

जनकगंजची_सून

नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरला लश्कर भागात राहतो. माझे सासरे तोफखान्यातून १९९४ ला हवालदार म्हणून रिटायर झाले, ट्रेनिंग नाशिक रोडला आणि नंतरची सगळी नोकरी तोफांवरच, आता वय ७३. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड त्यांनी कधी काढलंच नाही. विषय काढला की म्हणतात त्याला पैसे भरावे लागतात, पेन्शनमध्ये औषधाचे हजार रुपये येतात ते बंद होतात, आणि मला झालंय काय. तर झालंय असं की बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू, डावा कान जवळजवळ गेलेला, उजव्या बाजूनेही मोठ्याने बोललं तरच कळतं. मागच्या महिन्यात रात्री छातीत दुखायला लागलं म्हणून एका खाजगी हॉस्पिटलात नेलं, तिथे आधी अ‍ॅडव्हान्स भरा मग पुढचं बोला. भरला. देवाच्या दयेने हार्टचं काही निघालं नाही, पण बिल बघून घरात सगळ्यांचे चेहरे उतरले.

तर आता कार्ड निघेल का, किती भरावे लागतील, सासूबाईंचंही होईल का आणि कानाचं मशीन त्यात मिळतं का? अजून एक आहे, जरा वेगळं. रात्री ते दचकून उठतात, कधी कधी कोणाला तरी नावाने हाका मारतात, हातपाय झाडतात. सासूबाई म्हणतात थोडंफार पहिल्यापासून होतं पण हल्ली वाढलंय. बाबांसमोर हे बोलायची सोय नाही, लगेच उठून जातात. कोणाला विचारायचं?

रिटायर्ड_सुभेदार_मोरार

सूनबाई, अजिबात उशीर झालेला नाही, ही भीती आधी मनातून काढा. योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली आणि त्याच्या आधी जे रिटायर झाले त्यांच्यासाठी ती ऐच्छिक आहे, म्हणजे आजही घेता येते. आणि वर्गणीचं म्हणाल तर १ जानेवारी १९९६ च्या आधी रिटायर झालेल्यांना ती माफ आहे. तुमचे सासरे १९९४ चे, म्हणजे त्यांना काही भरायचं नाही, कार्ड छापायचे किरकोळ पैसे लागतील तेवढेच. आमच्या कितीतरी जुन्या माणसांना हे कोणी सांगितलेलंच नाही आणि ते बिचारे अजून खाजगीत पैसे घालतायत, मला याचं फार वाईट वाटतं.

हजार रुपये बंद होतात हे खरं आहे. पण त्यांच्यासमोर कागद घेऊन बसा, महिन्याच्या गोळ्यांचा खर्च लिहा, रक्ततपासण्यांचा लिहा, मग मागच्या महिन्याचं ते बिल शेजारी ठेवा. फौजी माणसाला हिशोब दाखवला की पटतो, समजावून सांगितलेलं पटत नाही.

सासूबाईंचं कार्ड वेगळं निघेल, पत्नी अवलंबितांमध्ये येतेच. इथे मात्र सांभाळा, आपल्या मराठी घरांत हमखास अडतं ते नावावर. डिस्चार्ज बुकात बायकोचं माहेरचं नाव लिहिलेलं असतं, आधार कार्डावर सासरचं, किंवा जन्मतारखा जुळत नाहीत. तसं असेल तर दोन्ही नावं एकाच बाईची असं शपथपत्र करून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते रेकॉर्ड ऑफिसला कसं पाठवायचं ते सांगतात. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पलाच आहे. हे काम आधी उरका, कारण पुढे पेन्शनलाही तेच नाव लागणार आहे, बाबांच्या मागे सासूबाईंना धावपळ नको.

अर्ज ऑनलाइन भरायचा, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक, आधार, पॅन आणि फोटो तयार ठेवा. कार्ड हातात यायला वेळ लागतो पण मधल्या काळात तात्पुरती स्लिप निघते, तिच्यावर उपचार होतात.

आता रात्री-अपरात्रीचं. कार्ड किंवा स्लिप असेल आणि हॉस्पिटल योजनेच्या पॅनेलवरचं असेल तर इमर्जन्सीत थेट जायचं, रेफरलची चिठ्ठी मागत बसायचं नाही, तिथे कॅशलेस व्हायला हवं. अ‍ॅडव्हान्स मागितला तर पॉलिक्लिनिकला, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्याला, लगेच फोन करा. पॅनेलवर नसलेल्या ठिकाणी न्यावं लागलं तरी जीव आधी, तिथेच न्या, फक्त ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. बिल आपण भरायचं आणि मग सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, दराने परत मिळतं, दराच्या वर जे लागलं ते आपलं. इथल्या ग्वाल्हेरमधल्या मोरारच्या पॉलिक्लिनिकमधून पॅनेलची यादी आणून फ्रिजवर चिकटवा, ही यादी बदलत राहते म्हणून अधूनमधून नवी आणा.

इंदूरकर_वकील

सुभेदार साहेबांचं सगळं बरोबर, पण मला एक खटकतंय. माणूस आयुष्यभर तोफांवर होता आणि कान गेला, मग फक्त मशीन कशाला, अपंगत्व पेन्शन का नाही मागायची? रिटायर होताना मेडिकल बोर्ड, म्हणजे सैन्याच्या डॉक्टरांची तपासणी, होतो, त्याचे कागद शोधा, त्यात कानाबद्दल काही लिहिलंय का बघा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि नंतर आजार झाला तर तो नोकरीमुळेच झाला असं धरून चालायचं, नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह प्रकरणात म्हटलंय. आणि अपंगत्व २० टक्के मान्य झालं तर पेन्शन ५० टक्क्यांच्या हिशोबाने मिळू शकते. मध्य प्रदेशची प्रकरणं सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या जबलपूर खंडपीठाकडे जातात. हक्काचं आहे ते सोडू नका.

रिटायर्ड_सुभेदार_मोरार

वकील साहेब, मागू नका असं मी म्हणत नाही. पण १९९४ च्या बोर्डात कानाची नोंद नसेल तर आज ७३ व्या वर्षी हे सिद्ध करायला किती काळ जाईल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. कागद जरूर शोधा, नोंद सापडली तर जबलपूरला जा. पण तोवर म्हातारा बहिरा बसायला नको. मशीन आधी, खटला नंतर.

कान_नाक_घशाची_ताई

मी ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, करते, रोज असे पेशंट बघते म्हणून लिहिते. तोफेच्या आवाजाने कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. आधी जातात ते वरच्या पट्टीचे आवाज, म्हणजे बायकांचे, लहान मुलांचे, आणि स, श, फ सारखी अक्षरं. त्यामुळे या माणसांना आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, घरच्यांना वाटतं मुद्दाम लक्ष देत नाहीत, आणि माणूस हळूहळू बोलणंच सोडतो. तुम्ही ओरडता तेव्हा त्यांना फक्त चिडलेला आवाज ऐकू येत असेल हो. समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा खालच्या सुरात आणि सावकाश बोलून बघा, आजच्या आज फरक दिसेल.

मशीन ईसीएचएसमध्ये मिळतं. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांकडून कान-नाक-घसावाल्यांकडे रेफरल घ्यायचं, ऑडिओमेट्री होते, मग मशीन लिहून देतात आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे मिळतात. त्याआधी दुकानातून परस्पर घेऊ नका, ते पैसे अडकतात. कानात सतत शिट्टी वाजते का तेही बाबांना विचारा, बरेच जण सांगत नाहीत आणि रात्री शांतता झाली की तीच शिट्टी झोपू देत नाही. आणि मशीन लावल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजसुद्धा नकोसा होतो, तेव्हा ते काढून कपाटात ठेवतील, ठेवू देऊ नका.

झोपेचं मात्र नुसतं जुन्या आठवणी म्हणून सोडू नका. शुगरच्या गोळ्यांनी रात्री साखर खाली गेली तरी माणूस घामाघूम होऊन दचकतो, हे आधी तपासा, तशा वेळी ग्लुकोमीटर लावून बघा. स्वप्नात हातपाय झाडणं हा झोपेचा वेगळा आजारही असतो, त्याला न्यूरोलॉजिस्ट लागतो. आणि मनातलंच असेल तर त्यालाही औषध आणि सल्ला दोन्ही आहेत, पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात.

फौजीची_लेक

ताई, झोपेबद्दल आमच्या घरचं सांगते. माझे वडीलही असेच होते, डॉक्टरचं नाव काढलं की खोलीबाहेर. शेवटी आईनेच १४४१६ ला फोन केला, हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, घरच्यांनीही करता येतो आणि मराठीत बोलता येतं. सैन्यातल्या लोकांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्याला एएफएमसी या सैन्याच्या वैद्यकीय कॉलेजात डिसेंबर २०२३ पासून आहे. आईला त्यांनी हे शिकवलं की दचकून उठले की हात धरून हलवायचं नाही, लांबून नाव घेऊन बोलायचं, दिवा लावायचा, आपण घरी आहोत असं सांगायचं. आणि वडिलांना नेलं ते युनिटमधल्या एका मित्राने, आमच्यापैकी कोणाचं ऐकलं नाही पण त्याच्या स्कूटरवर मागे बसून निमूट गेले. तुमच्या बाबांचा असा कोणी तोफखान्यातला जोडीदार ग्वाल्हेरात आहे का?

जनकगंजची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. वर्गणी माफ आहे हे बाबांना कागदावर लिहून दाखवलं, दोनदा वाचलं आणि म्हणाले हे आधी कोणी का नाही सांगितलं. सासूबाईंचं नाव खरंच अडणार आहे, डिस्चार्ज बुकात माहेरचंच आहे, त्यासाठी मिस्टर सोमवारी सैनिक कल्याण कार्यालयात जातायत. मेडिकल बोर्डाचे कागद ट्रंकेत आहेत म्हणतात, सापडले की वकील साहेब तुम्हाला विचारेन. जोडीदार आहेत एक, भिंडला असतात, दिवाळीला भेटायला येतात.

रिटायर्ड_सुभेदार_मोरार

दिवाळीची वाट बघू नका सूनबाई, आजच फोन लावा त्यांना. आणि पॉलिक्लिनिकला पहिल्यांदा जाल तेव्हा मला इथे मेसेज टाका, मी मोरारलाच असतो, गेटवर येऊन थांबतो.