कोकणात निघण्याआधी काय वाचू?

मे महिन्यात आठ दिवस दापोली ते वेंगुर्ला, एसटीनेच. नवरा हॉटेलं शोधतोय, मी पुस्तकं. माशांच्या थाळ्यांची माहिती नको, ती पोट शोधेल. तिथली माणसं कळतील असं काहीतरी सुचवा. जाड चालेल, पण पिशवीत दोनच मावतील.

खाडीकाठचा: दापोली आहे म्हणजे कादंबरीकार श्री. ना. पेंडसेच. 'गारंबीचा बापू' (१९५२) आधी. 'तुंबाडचे खोत'चे दोन खंड जगबुडी नदीच्या काठचे, चार पिढ्यांचे. ते घरीच संपवा, एसटीत मांडीवर पेलणार नाहीत.

वेंगुर्लेकरीण: माझं माहेर आरवलीपासून जवळ. तिथे वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. जयवंत दळवी याच गावचे. 'सारे प्रवासी घडीचे' वाचून या, मग देवळापाशी उभं राहिलात की प्रत्येक म्हातारा ओळखीचा वाटेल. मी कॉलेजात असताना हसत हसत वाचलं. बाबा गेल्यावर पुन्हा वाचलं, तर निम्म्या पानांना रडू आलं. खानोलकरांचं 'कोंडुरा' मात्र दिवसाच वाचा. आजयेन माका ता रात्रीचा वाचूक दिल्यान नाय! कोंडुरा नावाची जागा खरीच आहे, वायंगणीजवळ. लाटा खडकात शिरतात तो आवाज ऐकून या.

प्रश्नकर्ती: मग बापू आणि दळवी पिशवीत. खोत आजपासून सुरू. कोंडुरा नवऱ्याला देते, तो भुतांना घाबरतो.

वेंगुर्लेकरीण: त्यात भुतं नाहीत हो, माणसंच आहेत. म्हणूनच म्हटलं दिवसा.